मलावीतल्या खेड्यात मंडळीचा सेवादौरा: हातपंपाच्या कामाची तयारी, कृती आणि नंतरचं वर्ष

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एखाद्या खेड्यातल्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, बोलावलं आहे, आठ-दहा जण दोन आठवड्यांसाठी जायला तयार आहेत आणि "तिथे पाण्याचा प्रश्न आहे" एवढीच माहिती हाती आहे, अशा गटासाठी हे लिहिलं आहे. काम म्हणून हातपंपाची दुरुस्ती धरली आहे. शाळेची खोली बांधायची असो वा शौचालय, तयारीचा बराच भाग तोच राहतो. पंपाच्या कामात मात्र चूक झाकता येत नाही, कारण पाणी एक तर येतं किंवा येत नाही.

पाहुण्यांनी पंप चालू करून जाणं फारसं अवघड नसतं. यू-सील नावाचा तळहातात मावणारा रबरी भाग बदलला की पुष्कळ पंप पुन्हा पाणी देऊ लागतात. तोच सील वर्षभरात पुन्हा झिजतो. त्या दिवशी गावाकडे नवा सील, तो बसवणारा माणूस आणि त्याला द्यायचे पैसे हे तिन्ही असलं, तर दौरा कामी आला. खाली जे जे सांगितलं आहे ते या तीन गोष्टींसाठी आहे.

निमंत्रण कुणाचं, पंप कुणाचा

चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन, म्हणजे सीसीएपी, ही मलावीतली मोठी मंडळी. १९२४ साली लिव्हिंग्स्टोनिया आणि ब्लँटायर इथल्या मंडळ्या एकत्र येऊन ती झाली आणि १९२६ साली न्खोमा तिला जोडली गेली. या तिन्ही सिनडांचा, म्हणजे मंडळीच्या प्रादेशिक विभागांचा, कारभार आजही वेगळा चालतो. गाव उत्तरेत असेल तर पत्र लिव्हिंग्स्टोनिया सिनडला, मध्यभागात असेल तर न्खोमाला, दक्षिणेत असेल तर ब्लँटायरला जातं. कॅथलिक किंवा अँग्लिकन मंडळी असेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयाला लिहा. एकट्या पाळकाशी (पास्टरशी) फोनवर बोलून दौरा ठरवू नका. पाळकांच्या बदल्या होतात आणि तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं. सिनड, स्थानिक वडीलमंडळ आणि तुमची मंडळी यांच्या सहीचा दोन पानी करार पुरे, पण तो हवाच.

पंप मंडळीचा नसतो, गावाचा असतो. गावात प्रमुख असतो, त्याच्यावर काही गावांचा मिळून गटप्रमुख आणि त्याच्यावर ट्रॅडिशनल ऑथॉरिटी, म्हणजे त्या भागाचा पारंपरिक मुख्य प्रमुख. याच्या जोडीला गावाची विकास समिती आणि प्रत्येक पंपाची पाणी समिती असते. जिल्ह्याच्या ठिकाणाला तिथे 'बोमा' म्हणतात. तिथल्या पाणी कार्यालयात त्या बोअरची नोंद असू शकते: खोली किती, पाण्याची पातळी किती, पाइप किती उतरवले आहेत. तो कागद आधी मिळवा. तो मिळाला नाही तर खोलीचा अंदाज बोअरमध्ये उतरवलेले पंपाचे रॉड मोजून बांधावा लागतो आणि सुटे भाग आधी विकत घेता येत नाहीत.

मांगोचीसारख्या सरोवरकाठच्या जिल्ह्यात याओ समाज मोठा आहे आणि त्यातले बहुसंख्य मुसलमान आहेत. अशा गावात पाणी समितीत मशिदीची माणसंही असली पाहिजेत आणि पंपाच्या उद्घाटनाची सांगड उपासनेला येण्याशी घालता कामा नये. रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत हेच कलम आहे: मदत धर्माच्या प्रसारासाठी वापरायची नाही. श्रद्धा लपवायची गरज नाही. पण पंपाच्या ओट्यावर मंडळीचं नाव कोरू नका. ज्याचं नाव त्याचा पंप, अशी समजूत होते आणि पुढची दुरुस्तीही त्यांनीच करावी अशी वाट पाहिली जाते.

तिकीट काढण्यापूर्वी या प्रश्नांची लेखी उत्तरं मागवा. पंप कधीपासून बंद आहे आणि शेवटी कुठला भाग बदलला होता? किती कुटुंबं त्यावर पाणी भरत होती आणि आता कुठून भरतात? समितीच्या हाती किती पैसे आहेत आणि ते कुणाकडे असतात? या भागाचा मेकॅनिक कोण? सुटे भाग मिळणारं सर्वांत जवळचं दुकान कुठे आहे? शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर दौऱ्याआधी तेच काम करायला हवं. त्यासाठी दहा जणांनी जायची गरज नाही. सिनडचा विकास विभाग ते करू शकतो.

महिना निवडताना

पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात कच्चे रस्ते चिखलात जातात आणि लोक शेतात असतात. जानेवारी ते मार्च हे टंचाईचे महिने, कारण मागच्या हंगामातला मका संपलेला असतो आणि नवा तयार नसतो. तेव्हा दहा पाहुणे जेवायला नेणं म्हणजे यजमानांवर ओझं टाकणं. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळानं दक्षिण मलावीत सहाशेहून अधिक बळी घेतले. तेही याच हंगामातलं.

जून ते ऑगस्ट कोरडे आणि थंड असतात. कामाला सोयीचे तेच. मात्र एक अडचण ध्यानात ठेवा. भूजलाची पातळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत खाली जाते. जुलैत भरभरून पाणी देणारा पंप ऑक्टोबरात हवा ओढू शकतो आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. म्हणून गावातल्या बायकांना नेमकं विचारा: पहिला पाऊस पडण्याआधीच्या महिन्यात हा पंप पाणी द्यायचा का? "सकाळी देतो, दुपारी नाही" असं उत्तर आलं तर दोष पंपात नसून बोअरमध्ये किंवा पाइपाच्या लांबीत आहे. नवा सील घालून तो जाणार नाही.

कोण जाईल आणि तिथे काय करणार नाही

आठ ते दहा जण पुरे. त्याहून मोठा गट एका मिनीबसमध्ये मावत नाही आणि पंपाभोवती नुसती गर्दी होते. दोन जण अवजारं हाताळणारे हवेत, एक जण हिशेब ठेवणारा, एक परिचारिका किंवा प्रथमोपचार येणारी व्यक्ती आणि एक जण फक्त नोंदी व फोटोंची जबाबदारी घेणारा. बाकीच्यांनी काय करायचं हे समितीला ठरवू द्या.

विटा वाहणं, खड्डा खणणं, वाळू चाळणं ही कामं पाहुण्यांना हटकून आवडतात, कारण त्यांना कौशल्य लागत नाही. मलावीत रोजंदारीच्या अशा कामाला 'गान्यू' म्हणतात आणि गरीब कुटुंबांचं मीठ-साबण त्यावर येतं. गाव श्रमदान करत असेल तर त्यात खुशाल सामील व्हा. पण जे काम मजुरीवर दिलं जाणार होतं ते फुकट करू नका.

अनाथालयाची भेट कार्यक्रमात ठेवू नका. आठवडाभर जीव लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांचं नुकसान करतात. अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलं घराऐवजी संस्थेत राहण्याची शक्यता वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९ च्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या या धोक्याकडे लक्ष वेधलं आहे. लहान मुलांबाबत गटाचे नियम लेखी ठेवा: कुणीही एकट्यानं मुलाबरोबर बंद जागेत थांबायचं नाही, पालकांना विचारल्याशिवाय फोटो नाही, मुलाचं नाव आणि गाव एकत्र कुठेही टाकायचं नाही. प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी आधी करून घ्या.

डॉक्टर आणि परिचारिकांनी मलावीच्या वैद्यकीय किंवा परिचारिका परिषदेची तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय रुग्ण तपासायचे नाहीत. औषधांची पिशवी नेऊन वाटणं तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार दान केलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर निदान वर्षभर उरलेली असावी लागते, आणि ती औषधंही त्या आरोग्य केंद्रानं मागितलेली असायला हवीत. जुने कपडेही नेऊ नका. 'कौंजिका' या नावानं जुन्या कपड्यांचा बाजार तिथे गावोगाव भरतो. बॅगेतल्या त्या जागेत अवजारं बसतात.

व्हिसा कुठल्या प्रकारचा लागेल हे मलावीच्या वकिलातीकडून लेखी घ्या. अर्जात "पर्यटन" लिहून काम करायला जाऊ नका. अडचण यजमान मंडळीला होते.

पैसे

आधी कामाचे पैसे बाजूला काढा, मग तिकिटांचे. कामाच्या पैशांत तीन वर्षांचे सुटे भाग, मेकॅनिकची मजुरी, सिमेंट, समितीच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि सिनडच्या माणसाचा प्रवास धरा. यातलं काही कमी पडत असेल तर दोन माणसं कमी न्या.

मलावीचं चलन, क्वाचा, अस्थिर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच झटक्यात त्याचं ४४ टक्के अवमूल्यन झालं. म्हणून सहा महिने आधी मागवलेलं दरपत्रक फक्त अंदाजाला वापरा. परिमाणं आधी पक्की करा, भाव तिथे पोहोचल्यावर. माल बोमातल्या दुकानातूनच घ्या आणि पावती समितीच्या नावानं करा, म्हणजे पुढच्या वेळी दुकानदार आणि समिती एकमेकांना ओळखतील. खेड्यात कार्ड चालत नाही. एअरटेल मनी आणि टीएनएम म्पाम्बा ही मोबाइल पैशांची सेवा सर्वत्र वापरली जाते. मेकॅनिकची मजुरी त्यावरून दिली की आपोआप नोंद राहते.

बैठकीला येणाऱ्यांना भत्ता द्यायची मलावीत जुनी पद्धत आहे. किती द्यायचा, कुणाला द्यायचा हे तिथे जाऊन ठरवलं तर भांडणं होतात. सिनडचा नियम विचारून घ्या आणि तोच पाळा. बहुतेक वेळा जेवण आणि प्रवासखर्च एवढं योग्य ठरतं. एका गटानं जास्त दिलं की पुढच्या प्रत्येक बैठकीचा दर चढतो आणि पाणी समितीची मासिक सभा भत्त्यावाचून भरेनाशी होते.

दौऱ्यात कुणीतरी शाळेची फी, छपराचे पत्रे, फोन मागेलच. गटातल्या कुणीही स्वतःहून हो म्हणायचं नाही. मागणी ऐकून घ्या आणि वडीलमंडळाकडे पोहोचवा. ज्याला द्यायचंच आहे त्यानं ते मंडळीच्या गरजूंसाठीच्या निधीत द्यावं.

तब्येत आणि रस्ता

निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी लसीकरणाच्या डॉक्टरांना भेटा. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात आणि पोलिओ यांची स्थिती तपासा. रेबीज आणि कॉलऱ्याच्या लशींबद्दल विचारा. मार्च २०२२ पासून मलावीत कॉलऱ्याची देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी साथ आली होती: ५८ हजारांहून अधिक रुग्ण, १,७०० हून अधिक मृत्यू. पंपाचं काम करणाऱ्यांनी ही आकडेवारी विसरू नये.

मलेरिया वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्यांचं वेळापत्रक औषधागणिक बदलतं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवडे, मेफ्लोक्विन निदान दोन आठवडे आधीपासून परतल्यावर चार आठवडे. घरी आल्यावर गोळ्या बंद करणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि मलावीला गेल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

मलावीत पीतज्वर नाही, पण पीतज्वर असलेल्या देशातून येणाऱ्याकडे, किंवा अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलेल्याकडे लशीचं प्रमाणपत्र मागतात. आदिस अबाबा आणि नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी हे तास मोजावेत. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं.

मलावी सरोवराचं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात बिलहार्झिया या रोगाचे जंतू असतात आणि ते कातडीतून शिरतात. गटानं पोहायचं नाही असं ठरवून टाका. कुणी उतरलंच तर तीन महिन्यांनी तपासणी आणि गरज पडल्यास प्राझिक्वांटेल हे औषध. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, आधी घेतलेली असली तरीही.

सर्वांत मोठा धोका रस्त्याचा. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. रस्त्यावर दिवे नसलेल्या सायकली, पायी माणसं आणि शेळ्या असतात. प्रत्येकाला सीटबेल्ट मिळेल एवढीच माणसं बसवा. उघड्या ट्रकच्या हौद्यात कुणीही बसू नये. विम्यात रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च धरलेला आहे याची खात्री करा.

पंप: उघडण्याआधी

मलावीतल्या खेड्यांत जो पंप सगळीकडे दिसतो तो अफ्रिडेव. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियातल्या प्रयोगांतून तो घडला, आणि तो गावालाच दुरुस्त करता यावा हाच त्याच्या रचनेचा हेतू होता. सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत तो चालतो. सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर. प्लंजर (रॉडच्या टोकाचा, पाणी उचलणारा दट्ट्या) आणि फुटव्हॉल्व (पाणी खाली परत जाऊ न देणारी तळाची झडप) दोन्ही पाइपाच्या आतूनच वर काढता येतात, त्यामुळे साध्या दुरुस्तीसाठी पाइप उपसावा लागत नाही. दुसऱ्या देशातला "सुधारित" पंप घेऊन जाऊ नका. त्याचे सुटे भाग बोमात मिळणार नाहीत.

पंप अजून थोडंफार पाणी देत असेल तर दोन चाचण्या करा. पाहुण्यांनी त्या न करता समितीतल्या दोघांकडून करून घ्या, कारण पुढे दरवर्षी त्यांनाच त्या करायच्या आहेत.

गळतीची चाचणी: पाणी येईपर्यंत पंप मारा आणि थांबा. तीस मिनिटं कुणी हात लावू नये. मग पुन्हा मारताना पाणी किती दाबांत, म्हणजे हँडल किती वेळा वर-खाली केल्यावर, येतं ते मोजा. पाचाहून जास्त दाब लागले तर पाइपातलं पाणी खाली उतरतं आहे. संशय आधी फुटव्हॉल्ववर, मग त्याच्या ओ-रिंगवर, शेवटी पाइपाच्या जोडांवर.

पाण्याच्या मापाची चाचणी: धार नीट सुरू झाल्यावर बादली लावा आणि एका मिनिटात चाळीस पूर्ण दाब मारा. एका दाबाला सिलिंडरमधून हिशेबानं ०.४४ लिटर पाणी उचललं जातं, म्हणजे चाळीस दाबांत सतरा लिटरांच्या आसपास. चांगला पंप याच्या जवळ जातो. दहा लिटरही भरत नसतील तर यू-सील गेला आहे. दाब अर्धवट मारले तर आकडा खोटा येतो. हँडल वर-खाली पूर्ण टेकलं पाहिजे.

हँडल डुलत असेल, खडखडत असेल तर बुश, म्हणजे हँडलच्या पिनांभोवतीच्या कड्या, झिजले आहेत. हँडल एकदम हलकं झालं आणि पाणी शून्य, तर रॉड तुटला किंवा सुटला आहे. पाणी तांबूस आणि लोखंडाच्या चवीचं असेल तर आम्लधर्मी पाण्यानं रॉड गंजत आहेत; अशा ठिकाणी स्टेनलेस स्टीलचेच रॉड घाला, गॅल्व्हनाइज्ड रॉड पुन्हा खराब होतील.

उघडणं आणि जोडणं

काम मेकॅनिक करेल आणि समितीतले दोन-तीन जण त्याच्या हाताखाली राहतील. पाहुण्यांनी धरायला, मोजायला आणि नोंद करायला मदत करावी. बघणाऱ्यांना मागे ठेवा: बोअरच्या तोंडात पडलेला एक नट दिवस खातो.

पंपाजवळ स्वच्छ प्लास्टिकची ताडपत्री अंथरा. निघालेला प्रत्येक भाग तिच्यावर, निघाल्या क्रमानं ठेवा. मातीवर ठेवलेला भाग बोअरमध्ये घाण घेऊन जातो. सगळ्यांनी साबणानं हात धुवावेत. वरचं झाकण काढा, मग फुलक्रमची (हँडलच्या टेकूची) आणि हँगरची (रॉड टांगलेल्या भागाची) पिन सैल करून हँडल बाहेर घ्या. रॉड हातावर हात टाकत वर ओढा. एक रॉड तीन मीटरचा आणि सुमारे दोन किलोचा. तीस मीटरला दहा रॉड होतात. प्रत्येक जोड सोडताना खालचा रॉड आधाराच्या हुकावर अडकवला आहे ना, हे मोठ्यानं बोलून खात्री करा. इथेच रॉड निसटतात.

शेवटी प्लंजर येतो. मग रॉडच्या टोकाला फुटव्हॉल्व काढायचं अवजार लावून पुन्हा खाली सोडा, अडकवा आणि ओढा. फुटव्हॉल्व बरीच वर्षं न हललेला असेल तर घट्ट बसतो. हळूहळू, सरळ वर ताण द्या. झटके दिले तर रॉडचे हुक वाकतात.

वर्षातून एकदा बदलायचे भाग: यू-सील, प्लंजर आणि फुटव्हॉल्वमधले बॉबिन (आतल्या छोट्या झडपा), फुटव्हॉल्वची ओ-रिंग, फुलक्रम आणि हँगरचे बुश. यू-सीलची उघडी बाजू वर येते. उलटा बसवला तर पाणी चढतच नाही आणि सगळे रॉड पुन्हा काढावे लागतात. बुश प्लास्टिकचे असतात आणि कोरडेच चालतात. त्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसला वाळूचे कण चिकटतात आणि बुश लवकर खाल्ला जातो. दुकानात स्वस्तातले सील मिळतात त्यांचं माप अनेकदा चुकतं. विकत घेताना जुना प्लंजर हातात ठेवून बसवून बघा.

जोडणी उलट क्रमानं. सगळं बसल्यावर दोन्ही चाचण्या पुन्हा करा आणि आकडे समितीच्या वहीत लिहा. नवा फुटव्हॉल्व घालूनही गळतीची चाचणी फसली, तर पाइपाचा जोड गळतो आहे. मग पाइप उपसावा लागेल. ते दोर लावून आठ-दहा जणांचं काम आहे आणि चिकटवलेला जोड नीट सुकल्याशिवाय पाइप सोडता येत नाही. हा निर्णय मेकॅनिकवर सोडा आणि वेळापत्रकात त्यासाठी दोन मोकळे दिवस आधीच राखून ठेवा.

बोअर निर्जंतुक करणं

पंप उघडला की बोअर दूषित झाला असं धरून चाला. आधी पाण्याचं आकारमान काढा. नळीचा व्यास ११० मिलिमीटर आणि आत पाण्याचा स्तंभ २० मीटर असेल तर सुमारे १९० लिटर पाणी होतं. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, म्हणजे साडेनऊ ग्रॅम. पासष्ट ते सत्तर टक्के क्लोरीन असलेल्या हायपोक्लोराइट पावडरचे त्यासाठी सुमारे १४ ग्रॅम लागतात. पावडर बादलीभर पाण्यात घाला. पाणी पावडरवर ओतू नका. हातमोजे घाला आणि हे उघड्यावर करा. द्रावण बोअरमध्ये ओतून क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप मारा आणि रात्रभर तसंच ठेवा. रात्री पंपाजवळ समितीचा माणूस बसला पाहिजे. सकाळी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका, पण भाजीच्या वाफ्यात सोडू नका.

ओटा आणि नाली

पंप चांगला पण ओटा फुटका, तर सांडपाणी पुन्हा बोअरच्या कडेनं आत जातं. दीड मीटर त्रिज्येचा, १० सेंटिमीटर जाडीचा गोल ओटा म्हणजे ०.७ घनमीटर काँक्रीट. सहा मीटर लांबीच्या नालीला आणखी ०.३ घनमीटर. सिमेंट, वाळू, खडी एकास दोनास चार या प्रमाणात घेतली तर सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीतून ०.१५ ते ०.१६ घनमीटर निघतं, म्हणजे सात गोण्या. गिलाव्यासाठी आणि नासाडीसाठी एक जास्त धरून आठ घ्या. एका गोणीला ७० लिटर वाळू, १४० लिटर खडी आणि साधारण २५ लिटर पाणी. माल पसरायला सोपा जावा म्हणून पाणी वाढवण्याचा मोह होतो आणि मग ओटा वर्षभरात तडकतो. वाळू, खडी आणि मजूर गावाकडून, सिमेंट तुमच्याकडून, अशी वाटणी करता येते.

ओटा दौऱ्याच्या पहिल्या चार दिवसांत ओतून टाका. त्यावर सात दिवस ओलं गोणपाट लागतं आणि तेवढे दिवस पंप वापरता येत नाही. लोक तेव्हा पाणी कुठून भरतील हे ओतण्याआधी ठरलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्याच दिवशी ओल्या ओट्यावर घागरी ठेवल्या जातात, आणि दोष त्यांना देता येत नाही. नालीचं पाणी शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडा. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपण हवं. शौचालय तीस मीटरांच्या आत नको.

गावातला वावर

प्रत्येक भेट अभिवादनानं सुरू होते, कामाची घाई असली तरी. चिचेवा भाषेत "मुली ब्वांजी?" म्हणजे कसे आहात, उत्तर "न्दिली ब्विनो, काया इनु?" म्हणजे मी बरा आहे, तुम्ही? "झिकोमो" म्हणजे आभार. उत्तरेत तुंबुका बोलतात, तिथले शब्द पाळकांकडून शिका. हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराशी लावला की आदर दिसतो. पहिली भेट गावप्रमुखाची. पाळक नेतील, त्यांच्याआधी बोलू नका.

बायकांनी चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं दोन मीटरचं कापड, रोज वापरावं. गुडघे झाकलेले हवेत. जेवणात मक्याचा न्सिमा आणि त्याबरोबर भाजी, घेवडा किंवा उसिपा नावाची छोटी मासळी असते. हात धुवायला पाणी फिरवलं जातं, तेव्हा थांबून धुवा. स्वयंपाक बहुधा महिला मंडळाकडे असतो: ब्लँटायरकडे म्वानो, न्खोमाकडे चिग्विरिझानो, लिव्हिंग्स्टोनियाकडे उमान्यानो. दहा जणांचं दोन आठवड्यांचं जेवण म्हणजे त्यांची मोठी मजुरी आहे. सामानाचे पैसे आगाऊ द्या आणि श्रमाचा मोबदला सिनडला विचारून ठरवा.

रविवारची उपासना दोन-तीन तास चालते. पाहुण्यांना पुढे बोलावतात. दोन मिनिटांचं अभिवादन आणि एक गीत तयार ठेवा. प्रवचन द्यायचा आग्रह झाला तर पाळकांना आधी विषय दाखवा. अर्पण सगळ्यांसमोर टाकतात. गटानं एकत्र मोठी रक्कम टाकून स्थानिकांचं अर्पण क्षुल्लक वाटेल असं करू नका.

सोपवणं आणि पुढचं वर्ष

शेवटच्या दोन दिवसांत समितीनं स्वतः पंप उघडून पुन्हा जोडावा. पाहुण्यांनी आणि मेकॅनिकनं हात मागे ठेवावेत. अडखळले तर अडखळू द्या, वेळ त्यासाठीच ठेवलेला आहे. समितीत निम्म्याहून अधिक बायका असाव्यात, कारण पंप बिघडला की लांबून पाणी आणतात त्याच. पान्हा आणि सुटे भागांची पेटी कुणाकडे राहील, मासिक वर्गणी किती आणि कधी, पैसे कुणाच्या सहीनं निघतील, हे सभेत मोठ्यानं वाचून वहीत लिहा. वर्गणी कापणीच्या महिन्यांत एकदम घेतली तर सहज गोळा होते. जानेवारीत दारोदार फिरून काही मिळत नाही. उरलेली रक्कम समितीच्या खात्यात भरा, एका माणसाच्या फोनवर पाठवू नका.

तीन महिन्यांनी सिनडच्या माणसाकडून दोन्ही चाचण्यांचे आकडे मागवा. मग ऑक्टोबरच्या शेवटी, पाणी सर्वांत खाली असताना, पुन्हा. वर्षानं विचारा की यू-सील कुणी बदलला आणि पैसे कुठून आले. "तुमचीच वाट पाहत होतो" असं उत्तर आलं, तर दुसरा दौरा आखू नका. मेकॅनिक आणि समिती यांच्यात कुठे तुटलं ते सिनडबरोबर शोधा आणि आधी तेवढंच दुरुस्त करा.